आवाज बंद ठेवून वाजवणारा मुलगा

"क्लासमध्ये बरा वाजवतो म्हणे, घरी मात्र रोज रडारड." पहिली ते पाचवीतल्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात ते अभ्यास, हट्ट, मोबाइल असल्या तक्रारी घेऊन, आणि बोलता बोलता गाडी इथे येऊन थांबते. काहींची तक्रार नेमकी उलटी असते: "आम्हा दोघांनाही गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, मग घरी करून काय घ्यायचं?" ही दोन्ही वाक्यं इतक्यांदा ऐकली की एकदा नीट लिहावं असं ठरवलं. पुढे ज्या मुलाबद्दल सांगते आहे, त्याच्या आईला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगा नऊ वर्षांचा, कीबोर्ड शिकणारा. पहिल्या भेटीला आईने एक वही आणली होती. तारीख, किती मिनिटं, कोणता धडा आणि शेवटच्या रकान्यात बरोबर किंवा फुली. फुल्या लाल पेनाने. वही इतकी नेटकी, की आईची मेहनत दिसत होती.

"बसतो हो अर्धा तास," ती म्हणाली, "पण आवाज पार बंद करून बसतो. बोटं हलताना दिसतात, ऐकू काहीच येत नाही. सरळ फसवतो मला."

मग मुलाशी एकट्याशी बोलले.

"आवाज का बंद करतोस रे?"

"मला ऐकू येतं."

"बंद असताना?"

"हो. डोक्यात."

"आणि चालू केला की?"

"मग आईला ऐकू येतं."

हे उत्तर मी शब्दशः उतरवून घेतलं. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाई (1882–1967) यांच्या विचारातून मुलांना संगीत शिकवण्याची जी पद्धत उभी राहिली, तिच्यात आतल्या कानाला फार मान आहे: सूर प्रत्यक्ष वाजत नसताना मनात ऐकू येणं. शिक्षक त्यासाठी वर्षानुवर्षं खपतात. या पोराने ते चुका लपवता लपवता कमावलं होतं. आईला मी म्हटलं, "तो फसवत नाहीये. तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त संगीत त्याच्यात आहे, फक्त ते तुमच्यापासून लपवलेलं आहे." तिला राग आला. यायचाच. रोज अर्धा तास जवळ बसणाऱ्या आईला हे ऐकणं सोपं नसतं.

बक्षीस, तक्ता, शेरा यांनी मुलं हलतात हे खरं, पण कुठल्या दिशेने हलतात ते पाहायला हवं. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल. पुढे मोकळ्या वेळात रंग समोर ठेवले, तेव्हा याच मुलांनी इतरांपेक्षा कितीतरी कमी वेळ चित्रं काढली. आवडीच्या गोष्टीचा मोबदला ठरला आणि आवड ओसरली. बरोबर-चुकीची वही मला त्याच जातीची वाटते. माझा कल आतून येणाऱ्या ओढीकडे आहे, हे मी पालकांना पहिल्याच भेटीत सांगून टाकते. ज्यांना शिस्तीची वेळापत्रकं हवी असतात ते दुसरीकडे जातात, आणि त्यात मला वावगं वाटत नाही.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत दोघांना समोरासमोर बसवलं. कीबोर्ड नाही, वही नाही. मी टेबलावर बोटांनी चार ठोके दिले, मुलाने तेच परत दिले. मग मी त्याला म्हटलं, आता तू दे, आई उत्तर देईल. त्याने आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एक अवघड ठेका दिला: दोन जवळचे ठोके, मध्ये एक रिकामी जागा, मग तीन. आई ती रिकामी जागा खाऊन टाकत होती. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही.

"थांब ना गं. तिथे काही वाजवायचं नाही, पण मोजायचं."

"मोजतेय की."

"मनात मोज. ओठ हलवू नकोस."

शेवटी त्याने आईचा हात धरून रिकाम्या जागी वरच थोपवून ठेवला आणि मग सोडला. जमलं. आई खळखळून हसली, आणि तो खुर्चीत असा काही ताठ बसला की विचारू नका. त्या पाचेक मिनिटांत त्याने चुकलेल्या माणसाला कसं शिकवायचं ते दाखवून दिलं: एकदाही "चूक" न म्हणता, हात धरून. मला त्या दिवशी जे कळलं ते पुढे अनेक घरांत उपयोगी पडलं. घरातल्या मोठ्यांना संगीत येत नसेल तर ते लपवायची गरज नाही. न येणारा मोठा माणूस मुलाला फार आवडतो, कारण मग शिकवायला त्याचा नंबर लागतो. "आम्हाला काही येत नाही" म्हणणाऱ्या पालकांना मी आता सांगते, उत्तम, हेच तुमचं भांडवल.

घरी काय करायचं, ते आता सांगते.

ठोक्यांची देवघेव सगळ्यात सोपी. टाळ्या, मांड्यांवर थापा, चुटक्या, पायाचे ठोके, काहीही चालेल. एकाने द्यायचं, दुसऱ्याने जसंच्या तसं परत करायचं, आणि भूमिका बदलत राहायच्या. जमायला लागलं की मुलाला म्हणा, आता तोच ठेका न देता वेगळं उत्तर दे. इथे नक्कल संपून रचना सुरू होते. एक सूचना: "सावकाश, सावकाश" म्हणू नका. लहान मुलांची स्वाभाविक लय मोठ्यांपेक्षा जलद असते आणि संथ ठोका धरून ठेवणं त्यांना जास्त अवघड जातं. आपण सोपं करायला जातो आणि कठीण करून ठेवतो. आधी मुलाच्या चालण्याच्या गतीने जा.

चालण्यावरून आठवलं. स्वित्झर्लंडचे एमिल जाक-दालक्रोझ (1865–1950) जिनीव्हाच्या संगीतशाळेत शिकवत होते. विद्यार्थी वाजवायचे ठीक, पण लय त्यांच्या अंगात उतरलेलीच नसायची, म्हणून त्यांनी मुलांना संगीतावर चालायला लावलं. घरी हेच करता येतं. गाणं लावा, ठोक्यावर चाला, गाणं मध्येच थांबवलं की पुतळा. मोठा आवाज असताना लांब पावलं, बारीक आवाज असताना चोरपावलं. एका जागी बसवत नाही अशी तक्रार असलेल्या मुलांना हा खेळ फार मानवतो.

आतल्या कानाचा खेळ तर या मुलासाठीच होता. ओळखीचं गाणं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. कोणी हात वर केला की ओठ बंद, पण गाणं मनात चालू. हात खाली आला की सगळ्यांनी पुन्हा आवाजात. एकाच शब्दावर उतरलात की सगळं घर ओरडतं. बाबा नेहमी दोन शब्द पुढे असायचे, असं मुलाने मला मोठ्या आनंदाने सांगितलं.

ज्यांना "का" विचारायची सवय आहे अशा मुलांना पाण्याच्या पेल्यांकडे वळवा. तीन-चार सारखे पेले, कमी-जास्त पाणी, पेन्सिलीने हलकेच ठोका: जास्त पाणी, खालचा सूर. मग अरुंद तोंडाची बाटली घेऊन काठावरून फुंकर घाला: जास्त पाणी, वरचा सूर! पेल्यात काच थरथरते आणि पाणी तिला जड करतं, बाटलीत हवा थरथरते आणि पाणी तिची जागा कमी करतं. पण हे आधी सांगू नका. त्याला अंदाज करू द्या, चुकू द्या.

"आमचं मूल बेसूर आहे" हा शिक्का मात्र घाईने मारू नका. बाबा आपल्या पट्टीत गातात आणि मूल त्या खर्जाशी झटत बसतं, असं पुष्कळदा असतं. लहान मुलांना पुरुषाच्या आवाजापेक्षा बाईच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजाशी सूर जुळवणं सोपं जातं. मुलाला सुरुवात करू द्या, तुम्ही मागून या. सारखं मोठ्याने बोलणारं, हाक मारली तरी न ऐकणारं मूल असेल तर मात्र आधी कान तपासून घ्या.

वेळ किती? दहा मिनिटं पुरेत, आणि मूल "अजून" म्हणत असतानाच थांबवा. याने गणित सुधारेल का, असं जवळपास प्रत्येक जण विचारतो. मोझार्ट ऐकल्याने बुद्धी वाढते हा गाजावाजा 1993 च्या एका छोट्या प्रयोगावर उभा आहे. त्यात मुलं नव्हतीच, कॉलेजचे विद्यार्थी होते, आणि दिसलेला परिणाम काही मिनिटांतच ओसरला होता. गणितासाठी गणित करा.

त्या घरातली वही आईने स्वतःहून बंद केली. कीबोर्डचा आवाज एकदम सुरू झाला नाही. आधी बारीक, मग दार लावून, आणि एके दिवशी आईला हाक मारून, "हे ऐक, मी केलंय." त्याने क्लासच्या धड्याचा शेवट बदलला होता. आईच्या तोंडावर "सरांनी असं शिकवलं नाही" आलं होतं, तिने गिळलं. हे तिने मला सांगितलं तेव्हा तिचं मनापासून कौतुक वाटलं.

क्लासच्या परीक्षेचा प्रश्न उरला. मी म्हटलं, त्याला विचारा. त्याला क्लास हवा आहे, परीक्षा यंदा नको आहे. आईने मान्य केलं. बाबांना अजून पटलेलं नाही, भरलेली फी त्यांच्या डोक्यात आहे. पुढच्या भेटीला त्यांना एकट्याला बोलावलं आहे.