एफडी मोडू की बांगड्या गहाण ठेवू?

राजापूर तालुक्यातल्या एका बागायतदारांचं पत्र आलं आहे. वय 46, हापूसची दीडशे कलमं, गावात किराणा दुकान. महामार्गाच्या चौपदरीकरणात जमीन गेली. भावांत वाटणी होऊन जो मोबदला हाती आला, त्यातून घर दुरुस्त केल्यावर 12 लाख उरले. मुलीने नुकतीच दहावीची परीक्षा दिली. इंटरमिजिएट ड्रॉइंगला तिला ‘ए’ ग्रेड आहे. पुण्याकडच्या एका खासगी संस्थेचं मे महिन्यात चार आठवड्यांचं निवासी कला शिबिर आहे, त्याची फी 1 लाख 60 हजार. जागा धरून ठेवायला 10 हजार भरून झालेत. बाकीच्या पैशांसाठी एफडी मोडावी की पत्नीच्या बांगड्यांवर कर्ज काढावं, एवढाच प्रश्न. ‘यंदा आंबा चांगला धरलाय, जूनमध्ये पट्टी आली की बांगड्या सोडवू,’ असंही लिहिलंय. (पट्टी म्हणजे आंबा विकून दलालाकडून येणारे पैसे.)

पण पत्राच्या शेवटी, जाता जाता एक वाक्य आहे: ‘एफडी मोडायची भीती वाटते, कारण मुलीच्या नावच्या दुसऱ्या एफडीचा तीन लाखांचा हप्ता जुलैमध्ये त्यातूनच जातो.’

एफडीला हप्ता नसतो.

सोबत पाठवलेला पहिल्या पानाचा फोटो मी वाचला. ती विम्याची पॉलिसी आहे. वर्षाला 3 लाख, दहा वर्षं भरायचे, आणि पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर 45 लाख मिळणार. पहिला हप्ता जुलै 2023 मध्ये गेला. बँकेतले साहेब म्हणाले होते, बाकीचे पैसे एफडीत ठेवा, हप्ता व्याजातून भागेल. आता हिशेब करा. पहिला हप्ता गेल्यावर 9 लाख उरले, त्याचं वर्षाचं व्याज साठ-बासष्ट हजार. त्यातून 3 लाखांचा हप्ता कसा भागणार? तो मुदलातूनच जात होता. तीन हप्त्यांत 9 लाख गेले आणि एफडीत आज सव्वाचार लाखांच्या आसपास आहेत. जुलैचा हप्ता गेला की सव्वा-दीड लाख उरेल. पाचव्या हप्त्याला पैसेच नाहीत. एकूण भरायचे होते 30 लाख आणि माणसाकडे होते 12. समोर बसलेल्या साहेबांना हे दिसलं नसेल, यावर माझा विश्वास नाही.

45 लाखांचा आकडा ऐकायला मोठा वाटतो, म्हणूनच तो सांगतात. परतावा काढला तर वर्षाला चार टक्के पडतो. शिवाय हे पैसे मिळणार 2038 मध्ये. मुलगी तेव्हा 28 वर्षांची असेल. बारावी होऊन ती कॉलेजला जाईल 2028 मध्ये. शिक्षणासाठी म्हणून विकलेली पॉलिसी शिक्षण संपल्यावर काही वर्षांनी पैसे देणार!

आणि त्याच पानावर विमा कोणाच्या जिवाचा, तेही छापलंय: मुलीच्या. घर चालतं तुमच्या बागेवर आणि दुकानावर. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर या पॉलिसीतून घरी रुपया येणार नाही, उलट हप्त्याची मागणी मात्र येईल. कमावत्या माणसाचा विमा शून्य आणि शाळकरी मुलीचा लाखांचा. हे पाहून मला खरंच राग आला.

मग काय करायचं? रागाने पॉलिसी मोडून मोकळे होऊ नका. आज मोडली तर तिसऱ्या वर्षाच्या नियमाने भरलेल्या हप्त्यांच्या किमान 35 टक्के, म्हणजे सव्वातीन लाखांच्या आत मिळतील. चौथ्या वर्षात हे प्रमाण किमान 50 टक्के होतं, म्हणजे 9 लाखांवर साडेचार. त्याऐवजी नुसते हप्ते थांबवले तर पॉलिसी ‘पेड-अप’ होते, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात पैसे मुदत संपल्यावर मिळतात. दहापैकी तीन हप्ते भरलेत, म्हणून 45 लाखांचे तीन दशांश, साडेतेरा लाख. काही लाभ कापले जातील म्हणून बाराच धरा. मोडून मिळाले असते त्या साडेचार लाखांचे बारा वर्षांत 12 लाख होणं म्हणजे साडेआठ टक्के परतावा. तेवढा एफडीत मिळत नाही. उलट पुढचे सात हप्ते भरत राहिलात, तर त्या 21 लाखांवर जेमतेम पाच टक्के सुटतात. तेव्हा हप्ता बंद आणि पॉलिसी तशीच ठेवायची. पेड-अप रक्कम आणि सरेंडरची (मोडल्यावर मिळणारी) रक्कम, दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवा. खात्यातून हप्ता आपोआप जाण्याची जी परवानगी दिली आहे, ती जूनच्या आत लेखी अर्ज देऊन रद्द करा आणि पोच घ्या. नुसतं तोंडी सांगून आलात तर जुलैमध्ये 3 लाख जातील.

तक्रारही करा. पॉलिसी हातात आल्यावर ती परत करायची मुदत तेव्हा पंधरा दिवस होती (आता तीस आहे), ती कधीच गेली. पण एफडी म्हणून पॉलिसी विकली, ही तक्रार आधी विमा कंपनीकडे लेखी द्यायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. पैसे परत मिळतीलच असं मी म्हणणार नाही. सही तुमची आहे, आणि कंपनी तेच दाखवेल.

स्वतःचा 50 लाखांचा शुद्ध मुदतीचा विमा (टर्म इन्शुरन्स) घ्या, साठीपर्यंतचा. तब्येत ठीक असेल आणि तंबाखू नसेल तर वर्षाला पंधरा-वीस हजारांत बसावा. अडचण वेगळीच येईल. आयकर विवरण नसेल तर कंपनी एवढा विमा द्यायला कुरकुरते. दुकानाचं विवरण यंदापासून भरायला लागा.

आता शिबिर. मुलीचा हात चांगला आहे, त्यात शंका नाही. पण माहितीपत्रकात ‘नामांकित कला महाविद्यालयांत प्रवेशाचा मार्ग’ असं जे लिहिलंय, त्याला काडीचाही आधार नाही. राज्यातला बीएफएचा (कलेतल्या पदवीचा) प्रवेश बारावीनंतर सीईटीतून होतो: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. शिबिराच्या प्रमाणपत्राला तिथे गुण नाहीत. डिझाइनकडे जायचं असेल तर एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) स्वतःची आणि आयआयटीची यूसीड, याही परीक्षाच आहेत. चार आठवडे दिवसभर चित्रं काढणाऱ्या मुलांत राहणं, चांगल्या शिक्षकाने चूक तिथल्या तिथे दाखवणं, याची किंमत मी मानतो. फक्त ती सामान आणि प्रवास धरून 1 लाख 85 हजार नाही. आणि सव्वाचार लाखांवर सगळं घर उभं असताना तर नाहीच.

मुलगी बीएफएला मुंबईत गेली तर खोली, जेवण, रंग, कागद मिळून महिन्याला 15 हजार सहज जातील. म्हणजे वर्षाला 1 लाख 80 हजार. तुमचं एका महिन्याचं शिबिर तिच्या कॉलेजच्या एका वर्षाएवढं आहे, आणि अशी चार वर्षं काढायची आहेत. फी वेगळी. एफडीतले पैसे त्याच्यासाठी ठेवा.

यंदा मे महिन्यात तिला सावर्ड्याच्या कला महाविद्यालयात किंवा देवरुखला घेऊन जा. तिथल्या शिक्षकांना तिची चित्रं दाखवा, सुट्टीत शिकवणारं कोणी आहे का विचारा. एक दिवस काढून कुडाळजवळ पिंगुळीला जा. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या तिथे घरातच पाहायला मिळतात. वीस हजारांत महिना निघेल. बारावीपर्यंत मध्ये आणखी एक मे आहे. तोवर पैशांची घडी बसली, तर शिबिराचा विचार पुढच्या वर्षी करता येईल. भरलेले 10 हजार लेखी मागा. नाही मिळाले तर गेले समजा, पण त्या 10 हजारांसाठी आणखी दीड लाख घालू नका.

बांगड्या कपाटातच राहू द्या. दीड लाखाच्या कर्जावर वर्षाला पंधरा हजार व्याज, हे काही फार नाही. फार आहे तो पट्टीचा भरवसा. 2021 च्या मेमध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा झाडावरचा आंबा बागेत खाली पडलेला तुम्ही पाहिला असेल. वाशीच्या बाजारात पेटी पोचून पट्टी हातात येईपर्यंत ते पैसे तुमचे नाहीत. आणि पट्टी आली की त्यातून पहिल्यांदा सोसायटीचं पीककर्ज फेडा. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर व्याज शून्य, तारीख चुकली की ती सवलत गेली.

पॉलिसीची बाकीची पानं पाठवा, विशेषतः लाभाचा तक्ता आणि त्याखालची सही. तक्रारीचा मसुदा त्यावरून करता येईल.