काळ्या गाडीवरचे स्वर्ल मार्क्स: आधी रोजचं फडकं बंद करा, पॉलिशचं नंतर बघू

प्रश्न: माझी काळी एसयूव्ही दीड वर्षाची आहे. उन्हात उभी केली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे, म्हणजे स्वर्ल मार्क्स, दिसतात. सर्व्हिस सेंटरवाले सिरॅमिक कोटिंग करून घ्या म्हणतात. जवळचा रबिंग-पॉलिशवाला दोन तासांत गाडी नव्यासारखी करून देतो म्हणतो. काय करावं?

उत्तर:

सध्या दोघांनाही थांबायला सांगा. रोज सकाळी तुमच्या गाडीवर फडकं कोण मारतं आणि कसं मारतं, ते आधी बघा. मी पुण्यात कार डिटेलिंगचं, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करण्याचं काम करतो. काळी गाडी आली की मी सगळ्यात आधी हेच विचारतो, कारण हे ओरखडे गाडी चालवताना पडत नाहीत, साफ करताना पडतात. पॉलिशने ते जातील, त्याची काळजी नको. पण पुसायची पद्धत तीच राहिली तर काही महिन्यांत बोनेट पुन्हा असंच दिसायला लागेल, आणि तोवर रंगाच्या वरचा थोडा थर कायमचा गेलेला असेल.

हा थर किती पातळ असतो ते आधी सांगतो, म्हणजे मी एवढं का थांबवतोय ते कळेल. कारखान्यात पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर देतात, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोट असतो जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुम्हाला दिसतात ते ओरखडे या क्लिअर कोटच्या अगदी वरच्या भागात आहेत, काळ्या रंगापर्यंत ते पोचलेलेच नाहीत. पॉलिश करताना ओरखडा बुजवला जात नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट घासून खाली आणला जातो, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. म्हणजे प्रत्येक पॉलिशला थोडा क्लिअर कोट खर्ची पडतो आणि तो परत येत नाही. उन्हापासून रंग सांभाळणारी रसायनंही याच थरात असतात. दरवर्षी रबिंग करून घेणाऱ्यांच्या टपावर आणि बोनेटवर काही वर्षांनी पांढरट चट्टे उठतात, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

आता ते गोल का दिसतात? खरं तर ते गोल नसतातच. संध्याकाळी पार्किंगमध्ये मोबाइलचा टॉर्च बोनेटवर धरा आणि हात हळूहळू सरकवा. गोल जाळं टॉर्चच्या प्रतिबिंबाबरोबर सरकत जाईल. ओरखडे सगळ्या दिशांना, बरेचसे सरळच असतात. त्यातले जे उजेडाच्या दिशेला आडवे येतात तेवढेच चमकतात, आणि त्यांचं मिळून उजेडाभोवती वर्तुळ दिसतं. म्हणून ‘गोल गोल पुसू नका, सरळ पुसा’ एवढ्या सल्ल्याने काम भागत नाही. फडक्यात वाळूचा कण असेल तर सरळ पुसूनही ओरखडा पडणारच. आणि पांढऱ्या गाडीवर पडत नाहीत असंही नाही. पांढरा रंग स्वतःच इतका उजेड परत फेकतो की त्यात ओरखड्याची चमक हरवून जाते. काळा रंग आत गेलेला उजेड गिळतो, त्यामुळे वरच्या ओरखड्याची चमक तेवढी उठून दिसते.

आपल्याकडची धूळ हा यातला मोठा भाग आहे. पुण्यात जिकडे बघाल तिकडे बांधकाम चालू आहे आणि बांधकामाला आता नदीच्या वाळूपेक्षा क्रश सँडच जास्त वापरतात, म्हणजे आपला काळा बेसॉल्ट फोडून केलेली वाळू. नदीची वाळू वाहून वाहून गोलसर झालेली असते. क्रशरमधून आलेल्या कणाच्या कडा ताज्या आणि धारदार असतात. खनिजांचा कडकपणा १ ते १० मध्ये सांगणाऱ्या मोहसच्या मापावर बेसॉल्टमधली मुख्य खनिजं ५ ते ६.५ भरतात. क्लिअर कोट म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच, या कणांपुढे तो कितीतरी मऊ. रात्रभरात बोनेटवर बसलेली ही धूळ नुसती बसून राहिली तर काहीच करत नाही. तिच्यावर फडकं दाबून फिरवलं की प्रत्येक कण आपली रेघ ओढत जातो.

आणि सोसायटीत रोज तेच होतं. गाड्या पुसणारे दादा पहाटे येतात, हातात एक बादली, एक फडकं आणि पुढे दहा-पंधरा गाड्या. पहिल्या गाडीच्या दाराखालचा चिखल पिळून त्याच पाण्यात जातो आणि तेच फडकं तुमच्या बोनेटवर येतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, महिन्याच्या त्या पैशात आणि त्या वेळेत यापेक्षा वेगळं होऊच शकत नाही. त्यांना नीट सांगा: दादा, पैसे तेवढेच घ्या, पण फक्त काचा आणि चाकं करा, रंगाला हात लावू नका. हे ऐकून त्यांना सुरुवातीला नवल वाटतं, पण बहुतेक जण ऐकतात. डॅशबोर्डवर चिठ्ठी ठेवून हे होत नाही, समोरासमोर बोलावं लागतं. डिकीत ठेवलेली झटकणी, मग ती पिसांची असो की मेणाच्या दोऱ्यांची, तीही काढून टाका. धुळकट गाडी दोन दिवस तशीच चालवा, रंगाचं काही बिघडत नाही. पक्ष्यांची विष्ठा मात्र थांबू देऊ नका, ती उन्हात क्लिअर कोटला खाते. ओलं मायक्रोफायबर तिच्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं ठेवा, मऊ पडली की न घासता उचलून घ्या.

धुताना एकच तत्त्व सांभाळा: हात लागायच्या आधी जेवढी धूळ पाण्याने जाईल तेवढी घालवायची. पाइप किंवा प्रेशर वॉशर असेल तर टपापासून खाली भरपूर पाणी मारा. फोम असेल तर तो मारून चार-पाच मिनिटं थांबा, सुकू देऊ नका, आणि पुन्हा पाणी मारा. मग दोन बादल्या घ्या, एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा मिट, म्हणजे हातमोज्यासारखं धुण्याचं फडकं, शाम्पूत बुडवायचा, एक पॅनल धुवायचा, साध्या पाण्यात खळखळून घ्यायचा आणि मगच परत शाम्पूत घालायचा. टप, काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग आणि सगळ्यात शेवटी दारांच्या खालचा पट्टा, हा क्रम मोडू नका. चाकांचा मिट वेगळाच हवा. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्स काढून टाकतो. सुकवायला मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल पसरून नुसता ओढून घ्या, दाबू नका. जुनं बनियन, टर्किश टॉवेल, दुकानातलं पिवळं फडकं, यांतलं काहीही काळ्या रंगाला लावू नका. मायक्रोफायबर धुताना सुती कपड्यांत मिसळू नका आणि फॅब्रिक कंडिशनर घालू नका, धागे चोंदतात. खाली पडलेला टॉवेल धुतल्याशिवाय परत वापरू नका.

सोसायटीत पाइप लावायला मनाई असेल, आणि उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढताना ती असतेच, तर रिन्सलेस वॉश, म्हणजे नंतर पाणी मारून धुवावं न लागणारं द्रव्य, हा चांगला पर्याय आहे. ते पाण्यात फारच थोडं घालावं लागतं. काही उत्पादनांचं प्रमाण एकास २५६ असतं, म्हणजे १० लिटरच्या बादलीला साधारण ४० मिली. आधी स्प्रेच्या बाटलीतून हेच पाण्यात मिसळलेलं द्रावण पॅनलवर भरपूर मारायचं, धूळ भिजू द्यायची, मग भिजलेल्या मायक्रोफायबरने दाब न देता एकदाच ओढायचं, घडी बदलायची आणि पुढे जायचं. वापरलेली बाजू परत रंगाला लावायची नाही. गाडी चिखलाने माखलेली असेल तर मात्र हे करू नका, पावसाळ्यात आधी पाणीच हवं. बोअरचं पाणी असेल तर उन्हात धुवू नका. जड पाण्याचे थेंब सुकले की क्षारांची पांढरी वर्तुळं उरतात, आणि ती घासून काढायला गेलं की नवे ओरखडे पडतात.

ही सवय महिनाभर मुरली की मग पॉलिशकडे वळा. आधी नखाने तपासा. नख अडकत असेल तर तो खोल चरा आहे, तो पॉलिशने पूर्ण काढायच्या नादी लागू नका. धूसर केला तरी पुष्कळ. मग गाडी धुऊन ओल्या पॅनलवर प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून हलकेच फिरवा. खरखरीत लागलं तर रंगात ब्रेकची आणि लोखंडाची बारीक कणी रुतलेली आहे. ती आयर्न रिमूव्हर (लोखंड विरघळवणारा स्प्रे) आणि क्ले बारने (कणी उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने) आधी काढावी लागते. आयर्न रिमूव्हर मारला की जांभळे ओघळ उतरायला लागतात, तो विरघळणाऱ्या लोखंडाचा रंग.

दोन तासांवाल्याबद्दल. तिथे बहुतेकदा रोटरी मशीन आणि लोकरीचा पॅड असतो. रोटरी एकाच अक्षावर फिरते, जागेवर उष्णता साठवते आणि घाईत चालवली तर रंगावर होलोग्राम सोडते, म्हणजे उन्हात हलणारे धुरकट पट्टे. बोनेटच्या घडीवर आणि दारांच्या कडांवर क्लिअर कोट आधीच पातळ असतो, तिथे तो पार जळून निघू शकतो. वरून तेलकट ग्लेझ फिरवतात, ते ओरखड्यांत भरतं. म्हणून गाडी घेताना आरसा दिसते आणि काही धुण्यांत सगळं उघडं पडतं. कुशल माणूस रोटरीवरही सुंदर काम करतो, पण तो एसयूव्ही दोन तासांत करून देणार नाही. एका टप्प्याचं पॉलिशसुद्धा नीट केलं तर अख्खा दिवस जातो.

म्हणून दुकान निवडताना हे विचारा. रंगाची जाडी मोजणारं गेज आहे का, आणि प्रत्येक पॅनलचं माप मला दाखवाल का? एखाद्या दारावर आकडा २०० मायक्रॉनच्या वर गेला तर ते दार बहुधा आधी रंगवलेलं आहे, तिथला रंग वेगळा वागतो. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं गेज चालत नाही, तिथे हात हलकाच ठेवावा लागतो. मग बोनेटवर दीड फुटाचा चौकोन आधी करून दाखवायला सांगा. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पातळ द्रावणाने तुमच्यासमोर पुसायचा, म्हणजे तेल निघून जाईल, आणि टॉर्च धरून बघायचं. ओरखडे खरंच गेले की नुसते झाकले गेले, ते तिथेच कळतं. हे करायला जो कुरकुर करेल, त्याच्या हाती गाडी देऊ नका.

स्वतः करायची हौस असेल तर ड्युअल ॲक्शन पॉलिशर घ्या, ५ इंची प्लेटचा. त्याचा पॅड फिरतो आणि डोलतोही, त्यामुळे रंग जाळणं अवघड जातं. मध्यम फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश यांनीच सुरुवात करा, या सौम्य जोडीने काम होत नसेल तरच पुढच्या पायरीवर जा. कडांना आणि काळ्या प्लॅस्टिकला मास्किंग टेप लावा. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके घ्या, मशीन पॅनलला टेकवून मगच चालू करा, आधी हळू पसरवा, मग चौथ्या-पाचव्या वेगावर उभे-आडवे चार ते सहा हात फिरवा. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. फिरायची थांबली तर तुमचा दाब जास्त होतोय. चकचकीत सगळं निघालंच पाहिजे हा हट्ट सोडा. ८० टक्के ओरखडे गेले की काळा रंग खोल दिसायला लागतो, उरलेल्यासाठी क्लिअर कोट झिजवणं परवडणारं नाही.

सिरॅमिक कोटिंग म्हणजे क्लिअर कोटवर बसणारा पातळ संरक्षक थर. त्याची किंमत ऐकून लोकांना वाटतं की आता ओरखडा पडणारच नाही. कोटिंग चांगलं असतं, मीही करतो. पाणी आणि चिखल त्यावरून घसरतो, धुणं सोपं होतं, म्हणजे घासणं कमी होतं, आणि खरा फायदा तोच. पण जाहिरातीतला तो ९-एच हा पेन्सिलीचा कडकपणा आहे, मोहसचा नाही. चाचणीतल्या ९-एच पेन्सिलने चरा पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्रश सँड पेन्सिल नसते. आणि पॉलिश न करता कोटिंग केलं तर तुमचे आत्ताचे ओरखडे त्याखाली जसेच्या तसे राहतील, म्हणून कोटिंगच्या बिलात पॉलिशच्या किती टप्प्यांचा समावेश आहे ते लेखी घ्या. गाडीच्या रंगावर ‘टेफ्लॉन’ करून देतो म्हणणाऱ्याला सोडून द्या. टेफ्लॉन तव्याला चिकटवायला ३०० अंशांच्या वर तापवावं लागतं, तुमच्या बोनेटवर कोणी ते करत नाही. ओरखड्यांपासून खरोखर आडोसा हवा असेल तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म, ती महाग असते, पण फक्त बोनेट आणि पुढच्या बाजूलाही लावता येते.

काही बारीक गोष्टी राहिल्या. धुळकट गाडीवर कव्हर घालू नका, वाऱ्याने ते फडफडतं आणि रात्रभर घासत राहतं. दसऱ्याला झेंडूच्या हाराचा दोरा आणि तार बोनेटवर टेकू देऊ नका, हार ग्रिलला बांधा. स्वस्तिक काचेवर काढा, रंगावरची हळद उन्हात डाग धरते आणि ती घासायला गेलं की तिथेच जाळं उमटतं. दारांमधले काळे चकचकीत खांब रंगापेक्षाही मऊ असतात, त्यांना रिकाम्या हाताने धूळसुद्धा झटकू नका. आणि सर्व्हिसिंगला गाडी देताना जॉबकार्डवर ‘वॉशिंग करू नये’ असं ठळक लिहून घ्या, किल्लीला तीच चिठ्ठी बांधा. तिथलं मोफत धुणं नको म्हटलं की सल्लागार दोनदा विचारतो. दोन्ही वेळा नको म्हणा.