सराफ, शराफ, श्रॉफ

चि. ओवीस अनेक आशीर्वाद.

इथे हाँगकाँगमध्ये कार पार्क, हॉस्पिटल, कोर्ट, जिथे जिथे पैसे भरायचे तिथल्या खिडकीवर 'श्रॉफ' अशी पाटी असते. हा कोण, आणि पुण्याच्या सराफकाकांचं आडनाव हेच का, असं तू विचारलंस. हो, शब्द एकच आहे. पूर्वी तो माणसाला लावायचे, इथे आता खिडकीला लावतात.

मूळ शब्द अरबी, 'सर्राफ'. एक नाणं घेऊन दुसरं देणारा, म्हणजे नाणी बदलून देणारा. तो फारसीतून मराठीत आला आणि एक र गमावून 'सराफ' झाला. गुजरातीत तो 'शराफ' झाला. गोव्याच्या पोर्तुगीजांनीही तो 'श'च्याच उच्चाराने लिहिला आणि इंग्रजांनी पहिला स्वर गिळून 'श्रॉफ' केला. (गोव्यात पोर्तुगीजांचं 'शेराफीं' नावाचं नाणंही होतं. ऐकायला जवळचं वाटतं, पण ते नाव 'अश्रफी'वरून आलंय.) व्यापाऱ्यांबरोबर शब्द चीनच्या किनाऱ्याला लागला. तिथे मेक्सिकोचे चांदीचे डॉलर चालायचे, सुमारे 27 ग्रॅमचे, आणि त्यात खोटे भरपूर. बँका आणि पेढ्या ते तपासायला श्रॉफ नेमत. कँटनमध्ये हे काम शिकवायच्या शाळा होत्या. मास्तर विद्यार्थ्यांच्या सरावासाठी खोटे डॉलर जमवून ठेवत. तपासलेल्या डॉलरवर पेढीचा बारीक ठसा ठोकायचे. काही डॉलरांवर इतके ठसे बसले की ते वाडग्यासारखे खोलगट झाले. पुढे नोटा आल्या, तपासायला चांदी उरली नाही, तरी पैसे घेणाऱ्याचं नाव तेच राहिलं.

आता आपल्याकडचं. सराफ लागायचाच का? कारण रुपया एक नव्हता. चांदवडी रुपया, अंकुशी रुपया, हैदराबादचा हाली सिक्का. प्रत्येकाचं वजन वेगळं, चांदी वेगळी. नाणी हातोड्याने ठोकून पाडलेली, त्यामुळे कडा ओबडधोबड. कुणी कडेची चिमूटभर चांदी कातरून घेतली तरी पटकन कळायचं नाही. म्हणून रुपया मोजून घेण्याआधी पारखून घ्यावा लागे.

पारख अशी करत. आधी डोळ्यांनी ठसा आणि कडा बघायच्या. मग नाणं दगडावर टाकून आवाज ऐकायचा. चांगली चांदी लांब, स्वच्छ वाजते. 'खणखणीत नाणं' हे तिथलं. पण नुसत्या आवाजावर विसंबलं तर फसगत होते, कारण बारीक चीर गेलेलं खरं नाणंही बद्द वाजतं. मग वजन. त्यातही खोच आहे. शिसं चांदीहून किंचित जड असतं, त्यामुळे आत शिसं भरलेलं नाणं काट्यावर बरोबर उतरू शकतं, मात्र ते वाजत नाही. तांबं चांदीहून हलकं, म्हणून वर मुलामा दिलेलं तांब्याचं नाणं वजनाला पुरं भरायचं तर जाड करावं लागतं, आणि तिथे डोळा पकडतो. एवढं करूनही शंका राहिली तर छिनीने कडेला खाच पाडून आतला रंग बघायचा. जुन्या रुपयांवर अशा खाचा दिसल्या तर ती मोडतोड समजू नकोस, ती तपासणी आहे.

पारखून झाल्यावर सराफ ठरवी की तुझ्या नाण्यांच्या बदल्यात चालू नाणी किती मिळतील. मधली कपात म्हणजे बट्टा. समज, शंभर रुपयांवर दोन रुपये बट्टा असेल तर हातात अठ्ठ्याण्णव. 'नावाला बट्टा लागला' म्हणतात तो हाच: नाव आहे तेच, पण बाजारातली किंमत उतरली.

सराफाचं दुसरं मोठं काम हुंडीचं. रस्त्यात लुटारू, म्हणून पुण्याहून काशीला रोकड न्यायची नाही. पुण्याच्या पेढीवर पैसे भरायचे, तिथून हुंडी घ्यायची आणि काशीच्या पेढीवर ती दाखवायची. दाखवताच पैसे मिळायचे ती दर्शनी हुंडी, ठरलेल्या दिवसांनी मिळायचे ती मुदती. या कामाबद्दल पेढी घेई ती हुंडणावळ. रक्कम लिहायची पद्धत मला फार आवडते: शंभर रुपये, त्याचे निमे पन्नास, त्याची दुप्पट शंभर. एखादं शून्य वाढवायचं म्हटलं तरी तीन ठिकाणी खोटेपणा करावा लागेल! हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत मिळायची, तिला पेठ म्हणत, आणि तीही हरवली तर परपेठ. हुंडीचे पैसे मिळणं म्हणजे हुंडी वटणं. आज बाबा 'चेक वटला' म्हणतात ते क्रियापद या पेढीवरचं.

1835 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखात एकच रुपया ठरवला: वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, म्हणजे एक तोळा, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. यंत्रावर पाडलेला, कडेला दाते असलेला. 'कल' म्हणजे यंत्र, म्हणून त्याला 'कलदार' म्हणत. कातरला की दाते जात आणि चोरी उघडी पडे. नाणी बदलायचा धंदा इथून बसत गेला. एकदम नाही, मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का पुढे शंभर वर्षांहून अधिक चालला. सात हालीला सहा कलदार असा हिशेब होता, म्हणजे शंभर कलदार हवे असतील तर 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजायचे. करून बघ: एका रुपयाचे 16 आणे, एका आण्याच्या 12 पै.

नाणी गेली, हुंड्या बँकांकडे गेल्या, सराफाकडे सोनं-चांदी राहिली. म्हणून आजच्या मराठीत सराफ म्हणजे दागिन्यांचा व्यापारी. सोनार वेगळा. सोनार घडवतो, सराफ विकत घेतो, विकतो, पारखतो. एकच माणूस दोन्ही करत असला तरी शब्द दोन आहेत. कान टोचायला सोनाराकडे जायचं. 'सोनारानेच कान टोचावे' ही म्हण त्यामुळेच सराफाच्या नावावर नाही. हिरे-माणकांचा व्यापारी तो जवाहिरा किंवा झवेरी, म्हणून मुंबईत झवेरी बाजार. नाशकात सराफ बाजार आहे. इंदूरला मात्र 'सराफा' म्हणतात. तिथे दिवसा दागिन्यांची दुकानं आणि रात्री त्यांच्याच ओट्यांपुढे खाण्याच्या गाड्या, त्यामुळे इंदूरची मराठी माणसं 'सराफ्याला जाऊ' म्हणाली तर भुट्ट्याचा कीस खायला निघालीत असं समज.

सोन्याची पारख कसोटीवर होते. कसोटी म्हणजे काळा, बारीक पोताचा दगड. दागिना त्यावर घासला की पिवळी रेघ उमटते. शेजारी ठाऊक शुद्धतेच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्हींवर तेजाब, म्हणजे नायट्रिक अ‍ॅसिड, लावायचं. पितळेची रेघ विरून जाते, चांगल्या सोन्याची टिकते. रेघ किती फिकी पडली त्यावरून कस ठरतो. मुलाम्याचा दागिना इथेही फसवतो, कारण दगडावर फक्त वरचं सोनं उतरतं. म्हणून आधी कानशीने थोडं खरवडून मग घासतात. कस, हीणकस, कसाला लागणं ही सगळी भाषा या दगडावरची. तू टीव्हीवर पाच दिवस बघतेस तो कसोटी सामनाही.

आता भारतात दागिन्यावर हॉलमार्क लागतो, 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीने. तीन खुणा बघायच्या: बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक, जो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तपासता येतो. 22के916 म्हणजे 24 भागांत 22 भाग सोनं, हजारात 916. बारात अकरा म्हटलं तरी तेच. कंपनीच्या रुपयात चांदीचं प्रमाण हेच होतं.

आजीशी बोलताना एक सांभाळ. जुना तोळा 12 माशांचा, मासा 8 गुंजांचा, आणि तोळा 11.66 ग्रॅमचा. आजचे सराफ बोलताना 10 ग्रॅमला तोळा म्हणतात. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या जुन्या मापाच्या असतील तर 58.3 ग्रॅम, नव्या असतील तर 50. हिशेब करण्यापूर्वी वजन करून घ्यायचं.

राहिलं आडनाव. ते धंद्यावरून आलंय आणि त्यावरून जात किंवा भाषा ओळखायला जाऊ नये. सराफ मराठी आहेत, मारवाडी आहेत, काश्मिरीही आहेत. श्रॉफ गुजराती आणि पारशी आहेत. अशोक सराफ आणि जॅकी श्रॉफ ही एकाच शब्दाची दोन रूपं. या बाजारातली आडनावं आणखीही आहेत: पारखी, नाणावटी, आणि सरकारी खजिन्यात नाणी मोजून-पारखून घेणारे पोतदार, ज्यांचे मारवाडी भाऊबंद म्हणजे पोद्दार.

बोलताना फरक असा. दुकानदाराला एकवचन: 'सराफाकडे बांगडी दुरुस्तीला दिली.' आडनावाला आदरार्थी अनेकवचन: 'सराफांकडे जेवायला बोलावलंय.' एका अनुस्वाराने घर आणि दुकान बदलतं. लिहिताना तो विसरू नकोस, आणि काकांना मेसेज पाठवताना 'सराफ काका' असं तोडू नकोस; 'सराफकाका' एकत्र लिही.

तुझी,
आई