कॉम्प्युटरवर डिझाइन केल्याने सेंट्रिफ्युगल पंपाची एफिशियन्सी खरंच वाढते का?

रबाळे एमआयडीसीतल्या तुमच्या छोट्या कारखान्यात सीएफडी सॉफ्टवेअर (पाण्याचा प्रवाह कॉम्प्युटरवर गणिताने मांडून दाखवणारं) घ्यावं का, आणि त्याने पंपाची एफिशियन्सी वाढेल का, असं तुम्ही विचारलंय. वाढते. पण बरंचसं काम सॉफ्टवेअर उघडण्याआधी, कागदावरच व्हायला हवं. मी वागळे इस्टेटला याच कामात आहे, म्हणून सांगतो.

समजा ताशी १०० घनमीटर पाणी ३० मीटर हेडला (म्हणजे तेवढ्या उंचीवर चढेल इतक्या दाबाने) द्यायचंय. पाण्यालाच ८.२ किलोवॅट लागतात. पंप ६५ टक्क्यांचा असेल तर शाफ्टवर १२.६ किलोवॅट, ७५ टक्क्यांचा असेल तर १०.९. रोज वीस तास चालणाऱ्या पंपात हा फरक दिवसाला सुमारे ३४ युनिटांचा पडतो. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं ते बिल भरतं, म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

आता स्पीड. तेच हेड २९०० ऐवजी १४५० आरपीएमवर हवं असेल तर इंपेलरचा (पंपातल्या पात्यांच्या फिरत्या चाकाचा) व्यास जवळपास दुप्पट करावा लागतो. इंपेलरच्या दोन्ही बाहेरच्या बाजू पाण्यात घासत फिरतात आणि त्यात जाणारी ताकद व्यासाच्या पाचव्या व वेगाच्या तिसऱ्या घाताने बदलते. व्यास दुप्पट म्हणून ३२ पट, वेग निम्मा म्हणून भागिले ८, म्हणजे तोटा चौपट! पात्यांचा आकार कितीही घोटलात तरी तो भरून निघणं कठीण. म्हणून २९०० बरं. मात्र ते घेताना सक्शनकडचं एनपीएसएच (पाण्याची वाफ होऊ नये म्हणून पंपाच्या तोंडाशी लागणारा दाब) नीट तपासा, नाहीतर कॅव्हिटेशन, म्हणजे वाफेचे बुडबुडे फुटणं, इंपेलर खाऊन टाकेल.

एवढं ठरलं की सीएफडी फार कामाचं. पातीच्या तोंडाशी पाणी कुठल्या कोनात येतं, प्रवाह पातीपासून कुठे सुटतो, व्हॉल्यूटच्या (इंपेलरभोवतीच्या शंखासारख्या आवरणाच्या) जिभेपाशी काय गोंधळ होतो, हे कास्टिंगसाठी नवा पॅटर्न बनवण्याआधीच दिसतं. लायसन्सचे पैसे नसतील तर ओपनफोम फुकट आहे. शिकायला मात्र चिकाटी लागते.

स्क्रीनवरचा एफिशियन्सीचा आकडा लगेच कॅटलॉगमध्ये छापू नका. अनेकदा मॉडेलमध्ये फक्त पात्यांमधला आणि व्हॉल्यूटमधला प्रवाह असतो. वेअर रिंगमधून (इंपेलर आणि आवरण यांमधल्या फटीवरच्या कडीतून) मागे गळणारं पाणी, वर सांगितलेलं घर्षण, कास्टिंगचा खडबडीतपणा हे धरलेलंच नसतं. टेस्ट बेडवर व्हॉल्व्ह बंद असल्यापासून ड्यूटी पॉइंटच्या (पंप जिथे चालवायचा त्या प्रवाहाच्या) पुढेपर्यंत रीडिंग घ्या आणि टेस्टचा व सीएफडीचा असे दोन्ही कर्व्ह एकावर एक ठेवून बघा. फरक सगळीकडे सारखाच येत असेल तर आधी गळती आणि घर्षण तपासा. एका टोकालाच वाढत असेल तर पातीच्या कोनाकडे वळा.