शरियत नेमकी कुठून येते, आणि हदीस खरी कशावरून ठरते

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, शरियत म्हणजे इस्लामी कायदा हे नेमकं कुठलं पुस्तक, आणि हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या सांगितल्या गेलेल्या नोंदी, जर पैगंबरांनंतर दोनशे वर्षांनी लिहिल्या गेल्या तर त्या खऱ्या कशावरून. पहिल्याचं उत्तर छोटं आहे, दुसऱ्यासाठी जरा निवांत बसावं लागेल.

शरियत नावाचं एक पुस्तक नाहीच. सुन्नी परंपरेत चार मुख्य स्रोत धरतात: कुरआन, सुन्नत म्हणजे पैगंबरांचं बोलणं-वागणं, इज्मा म्हणजे विद्वानांचं एकमत, आणि कियास म्हणजे माहीत असलेल्या हुकुमाचं कारण शोधून तेच कारण जिथे दिसेल तिथे तोच हुकूम लावणं. ही चौकट नीट मांडून दाखवली इमाम शाफईंनी, त्यांचा मृत्यू ८२० सालचा. पण सगळेच तिच्यात जसेच्या तसे बसत नाहीत, इमाम मालिक मदिनेत चालत आलेल्या आचरणाला फार वजन देतात, हनफी पंथाचे विद्वान इस्तिहसान म्हणजे सरळ कियास सोडून जास्त योग्य वाटणारा निर्णय घेणं वापरतात, आणि शिया जाफरी परंपरा कियास मानत नाही, तिथे अक्ल म्हणजे बुद्धी हा स्रोत आहे आणि इमामांची वचनंही सुन्नतमध्येच धरतात.

कुरआनाबद्दल थोडक्यात. यमामाच्या लढाईत कुरआन पाठ असलेले बरेच लोक मारले गेले तेव्हा पहिले खलिफा हजरत अबू बकर यांनी जैद बिन साबित यांना तो एकत्र लिहून काढायला सांगितला, पुढे ६५० च्या सुमारास तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी प्रमाण प्रती मोठ्या शहरांना पाठवल्या. त्यामुळे फिकह म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र, त्यातली भांडणं सहसा आयत खरी की खोटी यावर नसतात, तिचा अर्थ काय यावर असतात. पण इमाम गजालींच्या हिशोबाने कायद्याच्या आयती जेमतेम ५०० च्या आसपास, नमाज पढा असं कुरआन सांगतो पण कुठल्या नमाजीत किती रकात (नमाजीच्या फेऱ्या) ते नाही सांगत, जकात (धर्माने ठरवलेलं दान) द्या म्हणतो पण चाळिसावा हिस्सा हा आकडा हदीसमधून येतो. म्हणून सगळा भार हदीसवर पडतो आणि तुमचा दुसरा प्रश्न इतका महत्त्वाचा होतो.

हदीसला दोन भाग असतात, मतन म्हणजे मजकूर आणि सनद म्हणजे कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी. बुखारी यांच्या प्रसिद्ध हदीससंग्रहातली पहिलीच हदीस घ्या, ‘कर्मं नियत म्हणजे हेतूवर अवलंबून असतात’. बुखारी म्हणतात मला हुमैदींनी सांगितलं, त्यांना सुफियान यांनी, त्यांना यह्या बिन सईद अन्सारींनी, त्यांना मुहम्मद बिन इब्राहीम तैमींनी, त्यांना अल्कमा यांनी, आणि अल्कमा म्हणतात मी दुसरे खलिफा हजरत उमर यांना मिंबरवरून (मशिदीतल्या व्यासपीठावरून) हे सांगताना ऐकलं. आता गंमत बघा, इतकी प्रसिद्ध हदीस पण उमर ते यह्या या टप्प्यात भरवशाची साखळी प्रत्येक पायरीवर एकाच माणसाची आहे, यह्यांच्या पुढे मात्र ती खूप लोकांपर्यंत पसरली. तरी ती सहीह म्हणजे खात्रीची, कारण माणसं मोजून काम भागत नाही, प्रत्येक माणूस पारखावा लागतो.

आणि पारखणं म्हणजे नुसतं खोटारडा आहे का एवढं बघणं नाही. तो कधी जन्मला, कधी वारला, ज्याचं नाव सांगतो त्याला भेटला होता का, स्मरणशक्ती कशी, म्हातारपणी विसरायला लागला का, हे सगळं बघतात. इजिप्तचे काझी इब्न लहीआ यांचं उदाहरण मला नेहमी आठवतं, माणूस मोठा, पण त्यांची पुस्तकं जळाली आणि त्यानंतर आठवणीतून सांगताना चुका व्हायला लागल्या असं सांगितलं जातं, म्हणून बरेच हदीसतज्ज्ञ बघतात की ऐकणाऱ्याने त्यांच्याकडून आगीच्या आधी ऐकलं की नंतर. माणूस तोच, पण त्याची आधीची आणि नंतरची गोष्ट वेगळी तोलली जाते.

ही सवय फार जुनी आहे. पैगंबरांचे साथीदार अबू मूसा अशअरी हजरत उमर यांच्या दारी गेले, तीनदा परवानगी मागितली, उत्तर नाही आलं म्हणून परत फिरले. उमरनी नंतर विचारलं का गेलात, तर म्हणाले पैगंबरांनीच सांगितलंय तीनदा विचारा, नाही मिळाली परवानगी तर परत जा. उमर म्हणाले साक्षीदार आणा. अबू मूसा बिचारे अन्सारांच्या म्हणजे मदिनेतल्या मुसलमानांच्या बैठकीत गेले, त्यांनी आपल्यातला सगळ्यात लहान अबू सईद खुदरी यांना सोबत पाठवलं आणि त्यांनी साक्ष दिली. इमाम मालिक यांच्या मुवत्ता या ग्रंथात पुढे येतं की उमर म्हणाले, तुमच्यावर संशय नव्हता, पण लोक पैगंबरांच्या नावावर काहीही सांगायला लागतील अशी भीती वाटली.

दोनशे वर्षांचं म्हणाल तर बुखारी ८७० मध्ये वारले हे खरं, पण लिखाण तेव्हा सुरू झालं असं नाही. पैगंबरांचे साथीदार अबू हुरैरा यांचे शिष्य हम्माम बिन मुनब्बिह यांची १३८ हदीसांची वही डॉ. हमीदुल्लाह यांनी २० व्या शतकात जुन्या हस्तलिखितांवरून छापली, आणि ती इमाम अहमद यांच्या मुस्नद या हदीससंग्रहातल्या मजकुराशी जवळपास जुळते, म्हणजे मधल्या पिढ्यांनी नीट जपलं. दुसरी बाजूही सांगतो, पाश्चात्त्य अभ्यासक जोसेफ शाख्त यांनी १९५० मध्ये मांडलं की कायद्याच्या हदीसांच्या साखळ्या नंतर मागे मागे वाढवल्या गेल्या, आणि दुसरे पाश्चात्त्य अभ्यासक हाराल्ड मोत्स्की यांनी अब्दुर्रज्जाक यांच्या जुन्या संग्रहातल्या साखळ्या बारकाईने तपासून ते सरसकट खरं नाही असं दाखवलं. मला मोत्स्की जास्त पटतात कारण ते एकेक साखळी हातात घेऊन बोलतात.

आता ज्याच्यासाठी मुळात लिहायला बसलो ते. स्रोतांचा क्रम शिकवताना एक हदीस हमखास सांगतात, पैगंबरांनी आपले साथीदार मुआज बिन जबल यांना यमनला पाठवताना विचारलं निवाडा कशाने करशील, ते म्हणाले अल्लाहच्या किताबाने, त्यात नसेल तर सुन्नतीने, त्यातही नसेल तर स्वतःच्या विचाराने. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत ती आहे. पण सनद उघडून बघा, मध्ये हारिस बिन अम्र आहेत ज्यांची फारशी माहितीच नाही, आणि ते म्हणतात मी मुआज यांच्या हिम्स (सीरियातलं शहर) मधल्या साथीदारांकडून ऐकलं, कोण साथीदार ते नाव नाही. तिर्मिजी स्वतःच लिहितात की माझ्या मते ही साखळी जोडलेली नाही, बुखारीही ती सहीह धरत नाहीत. म्हणजे स्रोतांचा क्रम जिच्यावरून शिकवला जातो तीच हदीस कसोटीवर कच्ची निघते!

यावर विद्वान इब्न हज्म यांनी ती सरळ नाकारली. खतीब बगदादी आणि इब्न कय्यिम म्हणाले की नावं नाहीत कारण सांगणारे एक नाही अनेक होते, मुआज यांच्या साथीदारांचा खरेपणा सगळ्यांना ठाऊक होता, आणि विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या ती स्वीकारली हाच एक आधार आहे. मी बरीच वर्षं दोन्ही बाजू वाचतोय, माझं मत असं की सनद म्हणून ती जईफ म्हणजे कमकुवतच म्हणावी, स्पष्टपणे, विद्यार्थ्यांपासून लपवू नये, आणि किताब-सुन्नत-इज्तिहाद (स्वतःच्या विचाराने निवाडा) हा क्रम काही एकट्या या हदीसवर उभा नाही, त्याला बाकीचे पुरावे पुरेसे आहेत.