लेकीला घरी शिकवणार आहेस, तर

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विचारलंस, "मावशी, शाळेतून काढलं तर पोलीस येतील का गं?" नाही येणार. पण कायदा नीट समजून घे, कारण लोक दोन्ही बाजूंनी अर्धवट सांगतात.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. त्याचं कलम १० थेट आईबापांसाठी आहे: मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. ते पाळलं नाही तर पालकांना शिक्षा काय, हे मात्र कायद्यात नाही. 'सक्तीचं' हा शब्द कलम ८ मध्ये सरकारला बांधतो. घरी शिकवायला परवानगी देणारंही कलम नाही. म्हणून कुणी घरच्या शाळेचं सरकारी प्रमाणपत्र विकायला आलं, तर पैसे देऊ नकोस. आणि शेजारची दहा पोरं जमवून विनामान्यता शाळा सुरू करू नकोस. त्याला मात्र कलम १८ खाली एक लाखापर्यंत दंड आहे.

तपासायला कुणी येणार नाही, याचीच मला जास्त काळजी वाटते. चुकलं तर ते पोरीला भोगावं लागेल. म्हणून तिचा परतीचा रस्ता मोकळा ठेव.

मीही माझ्या लेकीला घरीच शिकवत होते. ती दहा वर्षांची झाली आणि म्हणाली, "मला मैत्रिणी हव्यात, शाळेत जाते." गेलो. कारकुनाने चौथीचा दाखला मागितला, तो कुठून आणणार? मी कलम ४ ची छापील प्रत पुढे केली: शाळेबाहेरच्या मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश, आणि मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण. तरी तो ऐकेना. मग मुख्याध्यापिकाबाईंनी फाइल मागवली. जन्मदाखला, साल घातलेल्या वह्या, आणि बाजारहाटाचा हिशोब तिच्याच अक्षरात: दीड किलो कांदे, पाव किलो मिरच्या, बेरीज चुकलेली आणि लाल पेनने दुरुस्त केलेली. बाईंनी ते पान दोनदा बघितलं, तिला एक धडा वाचायला लावला, आणि पाचवीत घेतलं. ती चुकलेली बेरीज मी फेकणार होते गं.

तुझी लेक शाळेत परत नाहीच गेली, तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी-आठवीची परीक्षा आहे. दहावीला एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालय, नाहीतर आपल्या राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबरचा फॉर्म. दोन्हींच्या वयाच्या आणि कागदांच्या अटी आत्ताच वाचून ठेव, चौदाव्या वर्षी धावपळ नको.

जावईबापूंशी बोललीसच, पण लेकीला विचारलंस का? आधी तिच्याशी बोल.

ठरलंच, तर शाळा सोडल्याचा दाखला हातात पडेपर्यंत ऑफिसातून हलू नकोस. नाव, जन्मतारीख, सही, शिक्का तिथेच उभं राहून तपास. रविवारी ये, माझी फाइल दाखवते.

तुझी,
मावशी