मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे कळवलं, असं नाही

प्रश्न : ताई, मी एका खासगी शाळेत शिक्षणसेवक आहे, दुसरं वर्ष. गेल्या आठवड्यात पाचवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत एकटीच वर्गात बसली होती. जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, ‘संगणकाचे सर मांडीवर बसवतात, नको तिथे हात लावतात.’ मी त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘लेखी द्या, संस्थेच्या बैठकीत ठेवतो. तोवर बाहेर बोलू नका. सर कंत्राटी आहेत, गुपचूप काढून टाकू.’ पाच दिवस झाले, सर रोज येतात. घरात कमावती मी एकटी. माझं कर्तव्य झालं ना?
— एक शिक्षिका

उत्तर : नाही, बाई. अजून झालेलं नाही. हे कठोर वाटेल, पण तुम्ही मनापासून विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते.

लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ म्हणतं की, अशा गुन्ह्याची माहिती ज्या कोणाला आहे, त्याने ती पोलिसांना कळवायची. त्यात ‘वरिष्ठांना सांगावं’ असं कुठेही नाही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. म्हणजे तुमच्या मुख्याध्यापकांनी ज्या बैठकीची वाट पाहायला सांगितली, ती वाट पाहणं हाच त्यांचा गुन्हा आहे.

सर कंत्राटी आहेत, याने काही सुटत नाही. बदलापूरच्या शाळेतला आरोपीही कंत्राटी सफाई कामगार होता. तिथे ऑगस्ट २०२४ मध्ये बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाले आणि पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसून राहावं लागलं. शाळेने पोलिसांना का कळवलं नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन विचारलं. पुढे संस्थेच्या अध्यक्ष-सचिवांनाही अटक झाली. आणि ‘मी तर प्रमुख नाही’ असं म्हणण्याआधी चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं प्रकरण आठवा. शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांवर, माहिती असून कळवलं नाही, असा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्यावरची कारवाई रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निकाल फिरवला आणि माहिती असून गप्प राहणं हा गंभीर गुन्हा असल्याचं बजावलं.

संस्थेच्या ‘आतल्या चौकशी’ची मला जास्त भीती वाटते. माझ्याकडच्या एका खटल्यात शाळेने आधी स्वतःची समिती बसवली. सात वर्षांच्या पोरीला चार मोठ्या माणसांनी चार वेळा तेच विचारलं. एकदा ती म्हणाली मधली सुट्टी, एकदा शेवटचा तास. युक्तिवादात आरोपीच्या वकिलांनी समितीचे तेच कागद पुढे केले. निकाल आमच्या बाजूने लागला, पण ‘मी खोटं बोलले का?’ हे त्या पोरीने मला बाकावर बसून विचारलं होतं. मी ते विसरलेले नाही.

म्हणून आजच जवळच्या पोलीस ठाण्यात जा. एकटं जाववत नसेल तर आधी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. मुलीचे शब्द ती बोलली तसेच सांगा, आपल्या मनाचं काही घालू नका. पोलिसांनी खबर क्रमांक घालून लेखी नोंदवायची आणि तुम्हाला वाचून दाखवायची असते. नोंदवली नाही, तर तेही शिक्षेला पात्र आहेत. मुलीला ठाण्यात नेण्याची गरज नाही. तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, साध्या कपड्यांत घ्यायचा असतो.

नोकरीबद्दल खोटा दिलासा देणार नाही, संस्था त्रास देऊ शकते. पण सद्‌भावनेने खबर देणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, हे त्याच कलम १९ मध्ये आहे. मुख्याध्यापकांना कधी सांगितलं, ते काय म्हणाले, हे तारीख-वेळेसह आज रात्रीच लिहून ठेवा.

मुलीच्या आईलाही भेटा, पण तिच्या होकारासाठी खबर अडवून ठेवू नका. मुलीला पुन्हा काही विचारू नका. ‘तू मला सांगितलंस, बरं केलंस,’ एवढंच म्हणा.